फ्यूम, इन्सेन्स, स्मोल्डर: राग आणि धूर एकदमच सांगणारे इंग्रजी शब्द कसे शिकवावेत

इंग्रजीच्या धड्यात ‘द व्हिलेजर्स वेअर इन्सेन्स्ड’ असं वाक्य येतं. मूल शब्दकोश उघडतं, पहिलाच अर्थ दिसतो धूप किंवा उदबत्ती, आणि वाक्य तिथंच अडकतं. गाईड पाहावं तर फ्यूम म्हणजे रागावणे, सीद म्हणजे रागावणे, स्मोल्डर म्हणजेही रागावणे. पाठ करून मार्क पडतात, पण स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की हाताशी ‘अँग्री’ एवढा एकच शब्द उरतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी मुलांना हे शब्द खरं तर सोपे जायला हवेत. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि या दोन्ही भाषांत राग धुमसतो, उकळतो. तोच धागा धरून पुढची रीत मांडली आहे. सातवीपासून दहावीपर्यंत कुठल्याही वर्गात चालेल, घरी एकट्यानं अभ्यास करणाऱ्यालाही चालेल.

आधी घरचे शब्द

वहीचं एक पान उभं दुमडा. डाव्या बाजूला फक्त मराठी आणि कन्नड शब्द लिहायचे, इंग्रजीला अजून हात लावायचा नाही. पहिला शब्द धुमसणे. ओली लाकडं चुलीत धुमसतात आणि बांधावरून भांडलेले दोन भाऊही वर्षानुवर्षं धुमसतात. एकाच क्रियापदात धूर आणि राग दोन्ही. मग खदखदणे, फणफणणे, धुसफूस, भडकणे, धगधगणे. कन्नडात धुराला होगे म्हणतात, आणि कन्नड वर्तमानपत्रांत ‘असमाधानद होगे’, म्हणजे नाराजीचा धूर, हा नेहमीचा प्रयोग आहे. रागानं उकळतोय याला ‘कोपदिंद कुदियुत्तिद्दाने’. मुलांना यातले निम्मे शब्द आधीच येत असतात, फक्त ते एका ओळीत कधी मांडलेले नसतात.

याच पानावर तीन शब्दप्रयोग लाल शाईनं लिहून ठेवा, कारण पुढं तेच घोटाळा करतात. आनंदाच्या उकळ्या फुटणे, सोन्याचा धूर निघणे आणि तोंडाची वाफ दवडणे. मराठीत उकळी आनंदाचीही असते, धूर वैभवाचाही असतो आणि वाफ वायफळ बोलण्याची असते. इंग्रजीत बॉइल, स्मोक आणि स्टीम या शब्दांना ते अर्थ नाहीत. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं की वाक्य भलतीकडे जातं.

गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा

उसाच्या पट्ट्यातल्या बहुतेक मुलांनी गुऱ्हाळ पाहिलेलं असतं. फळ्यावर त्याचं साधं चित्र काढा: खाली चुलवाण, त्यात चिपाडाचा जाळ, वर काहिलीत रस, बाजूला धुराडं. धूर एका वाटेनं जातो, वाफ दुसऱ्या वाटेनं. चिपाड ओलं निघालं तर जाळ कमी आणि धूर जास्त. काहिलीत रस आधी नुसता हलतो, मग कडेनं बुडबुडे, मग सगळा खदखदतो, आणि लक्ष नसलं तर फेस काठावर चढतो. रात्री जाळ बंद केल्यावरही राखेखाली विस्तव असतो, सकाळी हात घातला तर पोळतो.

आता प्रत्येक इंग्रजी शब्दाला चार प्रश्न विचारायचे. राग बाहेरून दिसतो का? बाहेर पडायला वाट आहे का? तो किती वेळ टिकतो? आणि वाक्याचा कर्ता कोण, रागावणारा की राग आणणारा? चौथा प्रश्न मुलं टाळतात, आणि सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात.

फ्यूम

स्पेलिंग एफ-यू-एम-ई. लॅटिनमध्ये धुराला फूमुस म्हणत, तिथून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला, आणि १६व्या शतकापासून तो रागासाठीही वापरात आहे. हे फूमुस आणि संस्कृतातलं धूम एकाच मूळ शब्दाची लेकरं. लॅटिनमध्ये धचा फ झाला, एवढाच फरक. ग्रीकमध्ये त्याच मुळापासून थूमोस हा शब्द झाला, आणि त्याचा अर्थ मनाची उसळी, आवेश, राग. म्हणजे धूर आणि राग यांचं नातं इंग्रजांनी जोडलेलं नाही, ते तीन हजार वर्षांपलीकडचं आहे आणि त्यात आपला धूमकेतू आणि धूम्रपानही येतात. वर्गात ही गोष्ट पाच मिनिटं खर्चून सांगावी. एकदा धूम आणि फ्यूम शेजारी लिहिले की शब्द विसरला जात नाही.

नाम म्हणून हा शब्द आज जवळजवळ नेहमी अनेकवचनी येतो, फ्यूम्स, आणि त्यामागं क्रियापदही अनेकवचनी: ‘द फ्यूम्स आर डेंजरस’. चुलीचा धूर तो स्मोक. फ्यूम्स म्हणजे उग्र वासाची, बहुधा अपायकारक हवा: उद्यमबागेतल्या वेल्डिंगची, ओतकामाच्या भट्टीची, ताज्या रंगाची, पेट्रोलची. फ्यूम्स डोळ्यांना दिसलेच पाहिजेत असं नाही, नाकाला झोंबले की पुरे. आणि या अनेकवचनी नामात राग नाही. ‘हिज फ्यूम्स’ लिहिलं तर वाचणारा त्याच्या गाडीचा धूर समजेल.

राग सांगायचा तर क्रियापद वापरा, आणि बहुतेक वेळा चालू काळात: ‘शी वॉज फ्यूमिंग’. कशावर, हे सांगायला अॅट, अबाउट किंवा ओव्हर. वर्तमानपत्रात बोललेल्या वाक्यामागं ‘ही फ्यूम्ड’ असंही येतं, तिथं अर्थ संतापून म्हणाला. पण ‘ही वॉज फ्यूम्ड’ मात्र चूक. कर्मणी फ्यूम्ड म्हणजे धुरी दिलेला. ओकचं लाकूड अमोनियाच्या वाफेत ठेवून गडद करतात, त्याला फ्यूम्ड ओक म्हणतात. धुरी देणे याला इंग्रजीत नेमका शब्द फ्युमिगेट, आणि तो फक्त धुराचाच, रागाचा नाही. पर्फ्यूमसुद्धा याच घरातला, त्याचं मूळ ‘धुरातून’ सुगंध देण्यात आहे.

मराठीत फ्यूमला धुमसणे हा प्रतिशब्द बरेच जण देतात. आमच्या मते तो चुकतो. फ्यूम करणारा माणूस समोरच्याला दिसतो: नाकपुड्या फुगलेल्या, येरझारा, तोंडातल्या तोंडात बडबड. त्याला फणफणणे जवळचं. धुमसणे पुढच्या एका शब्दासाठी राखून ठेवा.

इन्सेन्स

हा शब्द सगळ्यात जास्त घोटवून घ्यावा लागतो, कारण स्पेलिंग एक आणि उच्चार दोन. नाम असेल तर जोर ‘इन’वर, अर्थ धूप किंवा त्याचा सुगंधी धूर. क्रियापद असेल तर जोर ‘सेन्स’वर, अर्थ संतप्त करणे. देवनागरीत हा फरक दिसत नाही, म्हणून बाकावर बोटानं ठोका देऊन शिकवा: नामाला पहिल्या अक्षरावर जोराचा ठोका, दुसऱ्यावर हलका, क्रियापदाला उलट. मुलांना रेकॉर्ड, प्रेझेंट, ऑब्जेक्ट या शब्दांत हीच चाल आधी दाखवली तर इन्सेन्स लगेच बसतो.

मूळ लॅटिन इन्केन्देरे, म्हणजे पेटवणे. देवापुढं पेटवलेला धूप आणि पेटवलेला माणूस, दोन्ही त्यातूनच. आपण मराठीत ‘त्याला पेटवलं’ म्हणतो, तेच. आग लावणारा या अर्थाचा इन्सेन्डिअरी हा भाऊ. धुपाटण्याला सेन्सर म्हणतात, तोही नात्यातला, पण त्याचं स्पेलिंग सी-ई-एन-एस-ई-आर. चित्रपटाला कात्री लावणारा सेन्सर शेवटी ओ-आर लिहितो, आणि मोबाइलमधला सेन्सर एस पासून सुरू होतो. तिन्ही एकाखाली एक लिहून द्या.

व्याकरण नीट पाहा. क्रियापद सकर्मक आहे, म्हणजे राग आणणारी गोष्ट कर्ता आणि रागावणारा कर्म: ‘द डिसिजन इन्सेन्स्ड द फार्मर्स’. रागावणाऱ्यापासून सुरुवात करायची तर कर्मणी रचना हवी: ‘द फार्मर्स वेअर इन्सेन्स्ड’, पुढं अॅट किंवा बाय. ‘आय अॅम इन्सेन्सिंग’ असं रागासाठी कधी लिहायचं नाही. मुलं ते फ्यूमिंगवरून ओढून आणतात, म्हणून हे दोन शब्द एकाच तासात शिकवू नयेत. मध्ये एक दिवस जाऊ द्या.

नाम मोजता येत नाही. दोन उदबत्त्या म्हणजे ‘टू इन्सेन्स स्टिक्स’, ‘टू इन्सेन्सेस’ नव्हे.

हा राग साधा नाही. आपल्यावर अन्याय झाला, कुणी अपमान केला, असं वाटून उसळलेला तो संताप आहे. चहा गार मिळाला म्हणून कुणी इन्सेन्स्ड होत नाही. शब्द लिहिण्यातला, बातमीतला आहे. मित्राशी बोलताना तो जड वाटतो.

स्मोल्डर

इथं धुमसणे अगदी चपखल बसतं. शेणाची गोवरी आठवा. एका कोपऱ्याला विस्तव लावून ठेवली तर ज्वाळा दिसत नाही, वरून राखेचा पांढरा थर चढत जातो, धुराची बारीक रेघ वर जाते, आणि गोवरी तासन्‌तास आतून जळत राहते. फुंकर घातली की राख उडते आणि लाल विस्तव उघडा पडतो. स्मोल्डर म्हणजे एवढंच: ज्वाळेशिवाय हळूहळू जळणे. माणसाच्या बाबतीत दाबून ठेवलेला, जुना, न विझलेला राग. आरडाओरडा करणारा माणूस स्मोल्डर करत नसतो, गप्प बसलेला करतो. पुढं बहुधा विथ येतं: ‘स्मोल्डरिंग विथ रिझेंटमेंट’.

स्पेलिंगमध्ये ब्रिटिश रूपात यू आहे, एस-एम-ओ-यू-एल-डी-ई-आर. अमेरिकन रूपात तो यू गळतो. आपल्या पाठ्यपुस्तकांची पद्धत ब्रिटिश, तेव्हा परीक्षेत यूसकट लिहावा. उच्चार खांद्याच्या शोल्डरशी यमक जुळणारा, ‘स्मौल्डर’ नाही. एक सावधगिरी: गोष्टीत ‘स्मोल्डरिंग आइज’ आलं तर ते रागीट डोळे असतीलच असं नाही. ओढ, आसक्ती दाखवणारी नजरही तशीच म्हणतात. आजूबाजूची वाक्यं वाचून ठरवा.

स्टीम आणि व्हेंट

कुकर सगळ्यांच्या घरात आहे. आत दाब वाढतो, शिट्टी उचलली जाते, वाफ सुटते, दाब उतरतो. ‘लेट ऑफ स्टीम’ म्हणजे हेच. अमेरिकेत त्याला ‘ब्लो ऑफ स्टीम’ म्हणतात. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरवरून हा प्रयोग रूढ झाला. लक्षात ठेवायचं ते असं की यात राग असलाच पाहिजे असं नाही. दिवसभर वर्गात कोंडलेली पोरं मैदानावर धावतात तेव्हाही ती लेट ऑफ स्टीम करतात. साठलेला जोर सुटला, एवढंच.

रागच सांगायचा तर ‘स्टीम्ड अप’, पुढं अबाउट किंवा ओव्हर. पण चष्म्याच्या काचेवर वाफ धरली तरी तेच ‘स्टीम्ड अप’, म्हणून कर्ता माणूस आहे की काच हे आधी बघा. नुसतं ‘स्टीमिंग’ ब्रिटिश बोलीत दारूनं तर्र झालेल्यालाही म्हणतात, तेव्हा निबंधात ते टाळलेलंच बरं. ‘रन आउट ऑफ स्टीम’ म्हणजे दम संपणे, ‘अंडर वन्स ओन स्टीम’ म्हणजे स्वतःच्या बळावर. या दोन्हींत राग नाही. ‘ब्लो वन्स स्टॅक’ मात्र रागाचा स्फोट. स्टॅक म्हणजे धुराडं, गुऱ्हाळाच्या चित्रात ते दाखवा.

व्हेंट म्हणजे धूर, वाफ, वायू बाहेर जायची वाट. ज्वालामुखीचं तोंडही व्हेंट. मूळ लॅटिन व्हेन्टुस, वारा. क्रियापदाला बहुतेकदा कर्म लागतं, आणि राग कुणावर काढला ते ऑननं सांगतात: ‘ही व्हेंटेड हिज अँगर ऑन द ड्रायव्हर’. कुणापाशी मन मोकळं केलं तर टू. ऑन आणि टूची अदलाबदल झाली तर ऐकून घेणारा मित्रच शिव्या खाणारा ठरतो. उच्चारात व्ह आणि व सांभाळा. व्हेंटला खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, गो या क्रियापदाच्या भूतकाळी रूपाला, वेंटला, दोन्ही ओठ गोल होतात. मराठीत हा भेद अर्थ बदलत नाही म्हणून कान तयार नसतो. आरशासमोर दहा वेळा म्हणवून घ्या.

बाकीचे, थोडक्यात

सीद पूर्वी उकळणे या अर्थाचा होता, आता जवळपास रागालाच उरला आहे. आत खदखद, बाहेर कमी. शेवट ब्रीदसारखा, स्पेलिंग एस-ई-ई-टी-एच-ई, बियाणाच्या सीडशी गल्लत नको. सिमर म्हणजे मंद आचेवर राहणे. सिमरिंग अँगर म्हणजे अजून उतू न गेलेला राग, पण ‘सिमर डाउन’ म्हणजे शांत हो. डाउन लागताच अर्थ उलटतो. ‘इन अ हफ’ म्हणजे फुरंगटून. हफ हा फुंकल्याचा आवाज आहे. ब्रिटिश इंग्रजीत एकाएकी डोक्यात सणक जाण्याला ‘रेड मिस्ट’ म्हणतात, म्हणजे डोळ्यांपुढं लाल धुकं.

जे शब्द या यादीत बसतील असं वाटतं पण बसत नाहीत, तेही सांगून टाका. स्मोक हे क्रियापद रागाला चालत नाही. ‘ही वॉज स्मोकिंग’ म्हणजे तो विडी-सिगारेट ओढत होता. कानांतून धूर निघाला, असं मात्र इंग्रजीतही म्हणतात. व्हेपरमध्ये राग नाही. रीक मूळचा धूर, आता दुर्गंध. टायफॉइडमध्येही ग्रीक धूर दडलेला आहे, तूफोस, पण तो तापात बुद्धीवर येणाऱ्या झाकोळाचा.

तासिकेत कसं बसवायचं

४० मिनिटांच्या एका तासात दोनच शब्द. पहिल्या १० मिनिटांत वस्तू दाखवा: उदबत्ती, झाकण ठेवलेलं गरम पाण्याचं भांडं, गोवरीचा तुकडा. गोवरी बंद खोलीत पेटवू नका. व्हरांड्यात, वाऱ्याच्या दिशेला कुणी नाही हे बघून. पुढच्या १५ मिनिटांत चार प्रश्न आणि व्याकरण, उरलेल्या वेळात मराठीतून इंग्रजीत वाक्यं. उत्तर लिहिण्याआधी प्रत्येकानं ‘दिसतो का, वाट आहे का, किती वेळ, कर्ता कोण’ हे तोंडानं म्हणायचं. आठवड्यानंतर वही न उघडता तीच वाक्यं पुन्हा घ्या. तोवर अॅट-बाय-ऑन-विथ यांची सरमिसळ झालेली दिसेल, तेव्हा फक्त शब्दयोगींचा सराव करा, अर्थ पुन्हा समजावू नका.

सरावाला ही वाक्यं घ्यावीत.

बस तासभर उशिरा आली, स्टँडवरची बाई नुसती फणफणत होती. उत्तर: ‘शी वॉज फ्यूमिंग अॅट द डिले.’ राग दिसतो, ताजा आहे, कर्ता रागावणारी.

पंचांनी निर्णय फिरवला आणि कबड्डीचा संघ संतापून उठला. ‘द टीम वॉज इन्सेन्स्ड बाय द डिसिजन.’ इथं अन्यायाची भावना आहे, म्हणून फ्यूमपेक्षा हा शब्द भारी.

बांधावरून दोन घरं तीन वर्षं धुमसतायत. ‘द टू फॅमिलीज हॅव बीन स्मोल्डरिंग विथ रिझेंटमेंट फॉर थ्री इयर्स.’ मुलं फॉरऐवजी सिन्स लिहितात. मुदत सांगायची तर फॉर, सुरुवात सांगायची तर सिन्स.

मालक बोलला, आणि त्यानं घरी येऊन राग पोरांवर काढला. ‘ही व्हेंटेड हिज अँगर ऑन द चिल्ड्रन.’

रंगाच्या वासानं तिचं डोकं चढलं. ‘द पेंट फ्यूम्स गेव्ह हर अ हेडेक.’ इथं राग अजिबात नाही, आणि तो ओळखता येतो का हेच तपासायचं.

शेवटी लाल शाईतलं एक: निकाल ऐकून तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वरचा एकही शब्द चालणार नाही. ‘शी वॉज बबलिंग विथ जॉय.’ इंग्रजीत आनंदाला पूर्ण उकळी येत नाही, काहिलीच्या कडेला दिसतात तसे बुडबुडे येतात.